अर्ध्या लाईटीची कोंबडी

त्या रविवारी पहाटे गुरुदास परबांनी गावठी कोंबड्याचे तुकडे अमेरिकन मडक्यात घातले, वर खोबऱ्याचं वाटप ओतलं, काचेचं झाकण ठेवलं, प्लग लावला आणि बायकोला सांगितलं, "सुशीला, तू आता वायच पड जा. दुपारपर्यंत ह्या घरात कोणाक काय एक करूचा नाय."

"पडतंय," असं म्हणून सुशीलाबाई वड्यांचं पीठ मळायला बसल्या.

हे मडकं म्हणजे सर्वेशची देणगी. परबांचा हा एकुलता एक मुलगा मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात त्याने ते विकत घेतलं होतं. बाहेरून विजेचं कवच आणि आत चिनी मातीचं जाडजूड भांडं. सकाळी कोंबडी घालायची, ती दिवसभर मंद आचेवर आपली आपण शिजते, आणि शेवटी वरून पिठाचे गोळे सोडायचे. गोळे रश्श्याच्या वाफेवर फुगतात. बोटीवरचे अमेरिकन म्हातारे म्हणे ते खाताना आईच्या आठवणीने डोळे पुसतात. परबांनी व्हिडिओ कॉलवर मुलाकडून सगळं शिकून घेतलं आणि लगेच त्यात सुधारणा केली. रस्सा मालवणी वाटपाचा, आणि गोळे मैद्याचे नाहीत, तर वड्याच्याच पिठाचे. सुशीलाबाईंनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "वडो तेलात तरंगाक होयो. तुमी त्येका रश्श्यात बुडवन मारल्यात." पण पुढच्या रविवारी त्यांनीच दुसरा गोळा मागून घेतला, आणि परबांची छाती तेव्हापासून जी फुगली ती फुगलीच.

आता खरी गोम सांगतो. अमेरिकेतली लाईट एकशेदहा व्होल्टची, आपली दोनशेतीसची. सर्वेश रजेवर आला तेव्हाच त्याने बजावलं होतं, "बाबा, मडक्याक आपली लाईट लावशात तर एका मिनटात जळान जायत. पुढच्या खेपेक मी कन्व्हर्टर घेवन येतंय, तवसर हात लावू नकात."

"दोनशेतीस ती ओरोसात," परब म्हणाले. "आमच्या वाडीत येयपर्यंत ती दमता रे."

आणि ते खोटं नव्हतं. खालची वाडी तारेच्या अगदी शेपटाला. परबांच्या घरातला पंखा इतका सावकाश फिरायचा की त्याच्या पात्यावर एक पाल कायमची राहायला होती. ट्यूब लागण्याआधी बराच वेळ विचार करायची. मिक्सर नुसता कण्हायचा, म्हणून सुशीलाबाईंचं वाटप अजून पाट्यावरच चाले. परब ओरोसच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि तक्रार कशी करावी हे त्यांना आयुष्यभर तक्रारी घेऊन घेऊन कळलं होतं. त्यांनी व्होल्टेज मोजायचं मीटर विकत आणलं, सगळ्या वाडीच्या सह्या घेतल्या, लोकांना एसटीने ओरोसला नेऊन वीज कार्यालयाच्या दारात उन्हात उभं केलं. प्रत्येक अर्जाच्या शेवटी ते 'आपला विश्वासू' न लिहिता 'आपला, अंधारातला' असं लिहीत. लाईट काही वाढली नाही. पण त्याच मीटरने त्यांना एक दिवस दाखवून दिलं, की आपल्या घरातली लाईट आणि अमेरिकेतली लाईट अगदी सख्ख्या बहिणी आहेत. सर्वेशची बोट सुटल्यावर त्यांनी बेधडक प्लग लावला. मडकं सुरळीत चाललं.

आता त्या मडक्यात नुसतं जेवण नव्हतं, सर्वेशचं लग्न शिजत होतं. ओरोसच्या रश्मी दळवीचं स्थळ आलं होतं. मुलगी शाळेत शिक्षिका. मुलामुलीचं फोनवर जुळलंही होतं. पण रश्मीने स्पष्ट सांगितलं होतं की बोटीवरचा नवरा नको, जमिनीवरचा हवा. सर्वेश म्हणाला, बोट सोडतो, वाडीत पर्यटकांसाठी खानावळ काढतो, ह्याच मडक्यातली कोंबडी आणि गोळे विकतो. यावर रश्मीच्या वडिलांना शंका होती. पिठाच्या गोळ्यांवर संसार चालेल का, हे ते आज घर बघायला येऊन, स्वतः जेवून ठरवणार होते.

आणि हे वडील, जितेंद्र दळवी, वीज कार्यालयातले साहेब होते. नुकतेच बदलून आलेले. परबांचे सगळे अर्ज आता त्यांच्याच टेबलावर पडत.

सुशीलाबाईंना धास्ती होती ती ह्याच अर्जांची. सर्वेशचं फोंडाघाटचं एक चांगलं स्थळ आधी गेलं होतं. पाहुणे आले, सरबत घेतलं, आणि परबांनी त्यांना मीटर हातात घेऊन घरभर फिरवलं, प्रत्येक बटणाखाली किती व्होल्ट येतात ते दाखवलं. पाहुण्यांनी निरोप धाडला की घराणं चांगलं आहे, पण अंधारात मुलगी कशी द्यायची. म्हणून या वेळी आदल्या संध्याकाळी सुशीलाबाईंनी नवऱ्याला नारळावर हात ठेवायला लावला.

"पावण्यांसमोर 'लाईट' ह्यो शब्द तोंडातसून काढूचो नाय. रवळनाथाची आण घेवा."

"आणि पंखो बंद पडलो तर?"

"तर म्हणा, वारो पडलो."

परबांनी आण घेतली. मडकं सुरू झालं, रस्सा कोमट झाला, घरात वाटपाचा वास पसरला. परब अंघोळ करून, धुवट लेंगा घालून घरापुढच्या खळ्यात आले आणि त्यांनी समोर पाहिलं, तर माडांच्या पलीकडे खांबावर धोंडू लायनमन चढलेला. खाली एक कोराकरकरीत, हिरव्या रंगाचा डीपी, म्हणजे वाडीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, बसवलेला. आदल्या आठवड्यात तिथे नुसता चौथरा होता, आणि चौथरे तर वीज कार्यालय नेहमीच बांधतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

"परबानू, पेढे ठेवा," परब खांबाखाली पोचताच धोंडू वरून म्हणाला. "तुमची डीपी इली. आता चालू करतंय."

परबांना आधी आनंद झाला. माणसाचा स्वभाव आहे, इतकी वर्षं मागितलेली गोष्ट समोर आली की आनंद होतोच. मग त्यांना मडकं आठवलं.

"आज? आज रविवार आसा रे."

"दळवी सायबांचो खास हुकूम. म्हणाले, होणाऱ्या व्याह्यांच्या घरात मी पाय ठेवच्या आधी थंयचो पंखो गरगर फिराक होयो. तुमका सांगूचा नाय होता माका, पण आता सांगलंय."

परब खांबाला हात लावून उभे राहिले. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मुलाची खानावळ ज्या मडक्यावर उभी राहणार, ते मडकं खऱ्या लाईटीवर चालतच नाही, हे धोंडूला सांगणं म्हणजे दळवींना सांगणं.

"धोंडू, आजचो दिस रवांदे. उद्या चालू कर."

"उद्या चालू केलंय तर सायब माका खांबारच ठेवतले."

"बरा, मग सगळ्या वाडीक पुरी दी. आमच्या घराक तेवढी अर्धी."

धोंडूने पकड थांबवून खाली पाहिलं. "परबानू, अर्धी लाईट देवचो बटन नाय आमच्याकडे."

"इतकी वर्षां देत होतास ती?"

"ती आपसूक येय होती."

एव्हाना शेजारचा गंगाराम आणि आणखी चारजण जमले. गंगाराम म्हणजे परबांच्या मोर्चाचा पहिला शिलेदार. ओरोसच्या उन्हात त्याला चक्कर आली होती, आणि ती त्याने वाडीसाठी सोसली असं तो अजून सांगायचा. परब डीपीला विरोध करतायत हे ऐकून त्याचं डोकंच फिरलं.

"आयकलात?" तो बाकीच्यांना म्हणाला. "लाईट बरी झाली तर ह्यो दिवसभर करतलो काय? तक्रार करूक कायतरी उराक होया ना. म्हणान नको झाली."

"तसा नाय रे गंगाराम."

"मग कसा ता सांग."

कसं ते सांगता येत नव्हतं. तेवढ्यात वरून धोंडूने दांडा ओढला.

परब धावत घरी आले तोवर घर ओळखू येत नव्हतं. भरदिवसा ट्यूब अशी लख्ख पेटली होती की कोपऱ्यातली कोळिष्टकं उघडी पडली. पंखा असा सुटला की भिंतीवरचं कालनिर्णय उडून माजघरात गेलं. पात्यावरची पाल थेट देव्हाऱ्यापाशी जाऊन पडली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. सुशीलाबाई मात्र मिक्सरसमोर उभ्या होत्या. लग्नात मिळालेला तो मिक्सर आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या आवाजात फिरत होता आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ओ, बघा तरी," त्या म्हणाल्या. "खोबरा लोण्यासारखा झाला."

परबांनी मडक्याकडे पाहिलं. झाकण थडथडत होतं. मंद आचेवर दुपारपर्यंत शिजायचा तो रस्सा लोहाराच्या भात्यासारखा उसळत होता. मीटर लावलं, तर दोनशेचाळीस. त्यांनी प्लग उपटला.

"टोपात वता आणि चुलीर ठेवा," सुशीलाबाईंनी सरळ मार्ग सांगितला.

"मग त्या सागोतीत आणि तुझ्या सागोतीत फरक काय रवलो? दळवी मडक्यातला खावक येतत. मडकाच बघूक येतत."

मग त्यांनी प्लग थोडा वेळ लावायचा, थोडा वेळ काढायचा असं सुरू केलं. उकळी आली की काढ, बसली की लाव. कोंबडा खरं तर वयस्कर होता. अर्ध्या लाईटीवर तो नरम व्हायला संध्याकाळ झाली असती. ह्या आलटून-पालटून उकळ्यांनी त्याची हाडं सुटू लागली, पण ते परबांच्या लक्षात आलं नाही. प्लगमधून ठिणग्या उडत होत्या.

"पावणे येतले तेव्हा तुमी हातात प्लग धरून बसतलात?" सुशीलाबाईंनी विचारलं. "आणि गोळे कधी सोडतलात?"

हा प्रश्न नेमका होता. गोळे उकळीत सोडले की फुटतात, हे सर्वेशने दहादा सांगितलं होतं. गोळ्यांना शांत, हलकी आच लागते आणि ती एकसारखी लागते. परब विचार करू लागले. आणि सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाचा विचार शेवटी बरोबर जागी जातो. इतकी वर्षं लाईट कमी का होती? वाडी शेपटाला होती म्हणून, आणि वरच्या वाड्या तिकडेच सगळी ओढून घेत म्हणून. म्हणजे ओढणारे हवेत. त्यांनी चपला घातल्या.

पहिलं घर गंगारामचं. तो तोंड फिरवून बसला होता.

"गंगाराम, माजा चुकला," परब म्हणाले. "डीपी इली ती बरी झाली. आता दळवी सायब येतले. त्यांका दिसाक होया, वाडी कशी झगमगता ती. घरात जा काय आसा ता सगळा लाव."

गंगाराम पाघळला. माणूस मुळात चांगला. "पंप पण लावू?"

"पंप लाव. इस्त्री लाव. पाणी तापवचा लाव."

"धा वाजता पाणी कोणाक तापवू?"

"वाडीसाठी तापव."

तासाभरात परबांनी अख्खी वाडी लावली. विहिरीविहिरीवर पंप घुमू लागले आणि माडांच्या आळ्यांतून पाणी वाहून रस्त्यावर आलं. घराघरात रिकामे मिक्सर फिरत होते. देवळातला कर्णा सुरू झाला. एका घरात कपडे नव्हते म्हणून टॉवेलला इस्त्री चालली. परब प्रत्येक घरी शाबासकी देत, आणि मध्येच घरी येऊन मीटर लावून बघत. दोनशे. एकशेसत्तर. एकशेचाळीस.

झाकण थडथडायचं थांबलं. प्लग आता लावलेलाच राहिला. सुशीलाबाई हे बघत होत्या. नवऱ्याला त्या इतकी वर्षं ओळखत होत्या, पण तो लाईट कमी व्हावी म्हणून धावताना त्यांनी प्रथमच पाहिला. परबांनी देवाचं नाव घेऊन गोळे सोडले. ते तरंगले. पण बाजूला बारीक बुडबुडे येत होते, आणि परबांना ते बुडबुडे सहन होईनात.

"एकशेधा होया," ते म्हणाले. "वायच कमी."

"रवांदे आता. वंगाळ दिसणा नाय."

"कामात अर्धवटपणा माका आवडना नाय," असं म्हणून परब सत्यवानच्या भातगिरणीकडे निघाले.

सत्यवानच्या गिरणीची विजेची मोटर बरीच वर्षं बंद होती. अर्ध्या लाईटीवर ती उठतच नसे, म्हणून तो डिझेलवर गिरण चालवी. परबांनी त्याला नव्या डीपीचं महत्त्व पटवलं. सत्यवानने मोटरला आधी हात जोडले, मग बटण दाबलं. मोटर हुंकारली आणि उठली. परब धावत घरी आले, मीटर लावलं. काटा एकशेदहावर, एक केसही इकडेतिकडे नाही. बुडबुडे थांबले. गोळे कापसासारखे फुगत होते. पंखा सावकाश झाला आणि देव्हाऱ्याकडची पाल भिंतीवरून पुन्हा वर निघाली. परब कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आपल्याला आयुष्यात काय जमलं असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी त्या क्षणी मीटर दाखवलं असतं.

तेवढ्यात माडांपलीकडे असा आवाज झाला, की कावळे उडाले आणि देवळातला कर्णा अर्ध्या ओळीत गप्प झाला. पंखा थांबला. काटा शून्यावर आला. आणि त्याच शांततेत खळ्याच्या बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

दळवी उतरले, मागून त्यांच्या पत्नी संचिताबाई आणि रश्मी. दळवींचा चेहरा उत्साहाने फुललेला होता. त्यांनी वाटेत दोघींना सांगून ठेवलं होतं, की घरात शिरल्या शिरल्या आधी पंख्याकडे बघायचं. ते पडवीत आले, त्यांनी आधी पंख्याकडे पाहिलं. पंख्यावरच्या पालीने त्यांच्याकडे पाहिलं.

"लाईट..." दळवी म्हणाले.

परबांनी तोंड उघडलं. सुशीलाबाई दारात उभ्या होत्या. परबांनी तोंड मिटलं.

"बसा," ते म्हणाले. "वारो पडलो हा. कोकम सरबत घेवा."

दळवींनी फोन लावला, धोंडूशी दबक्या आवाजात बोलले आणि घाम पुसत परत आले. "परबसाहेब, काय सांगू तुम्हाला. आजच नवीन डीपी चालू केला होता. तुमच्यासाठी. म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही अर्ज करताय..."

परबांनी सरबताचा पेला पुढे केला. दळवींनी परबांचे सगळे अर्ज वाचलेले होते. आज आपली चामडी सोलली जाणार, आणि तीही बायको-मुलीसमोर, याची त्यांनी तयारी ठेवली होती. शिव्या आल्या असत्या तर ते सावरले असते. पण 'आपला, अंधारातला' लिहिणारा माणूस काळोख्या पडवीत सौम्यपणे सरबत देत होता. हा मोठेपणा दळवींना सोसेना.

"तुम्ही काहीतरी बोला हो," ते म्हणाले.

"काय बोलूचा? पोरगी दमली आसतली. बस गो बाय."

"नाही, चूक आमचीच आहे. लेखी दिलगिरी देतो मी."

वीज कार्यालयाची लेखी दिलगिरी. परब ज्या शब्दांसाठी आयुष्यभर झुरले ते शब्द समोर होते, आणि त्यांना ते गोड लागेनात. आपल्या उद्योगाची शिक्षा हा भला माणूस भोगतोय हे त्यांना टोचत होतं. खरं सांगावं तर सर्वेशचं लग्न जातं, आणि सांगायचं म्हटलं तरी 'लाईट' शब्दाशिवाय सांगणार कसं?

"धोंडू म्हणतो, सगळ्या वाडीने एकदम सगळं चालू केलं," दळवी विचारात पडून म्हणाले. "दिवसा, रविवारी, एकदम? कोणीतरी घरोघर जाऊन सांगितल्याशिवाय असं होत नाही. तो माणूस शोधलाच पाहिजे."

आणि नेमका तेव्हाच गंगाराम खळ्यात आला. त्याचा पंप जळाला होता. "गुरुदास खंय आसा?" असं ओरडतच तो पायरी चढला आणि पाहुण्यांना बघून थबकला.

"तुम्ही इथलेच ना?" दळवींनी त्याला विचारलं. "सकाळी वाडीत कोणी सांगितलं हो सगळं लावायला?"

गंगारामने परबांकडे पाहिलं. परब सरबताच्या रिकाम्या पेल्यात बघत होते. त्याने सुशीलाबाईंकडे पाहिलं, त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. मग त्याने रश्मीकडे पाहिलं. सर्वेशला त्याने खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली होती.

"सांगूक कित्याक होया सायबानू?" तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी लाईट इली. लोका ती काय देव्हाऱ्यात ठेवतली? लावल्यानी. तुमची डीपी एक सकाळ टिकली नाय, ता कोणाक विचारूचा?"

दळवींनी फोन खिशात घातला. गंगाराम शांतपणे परबांशेजारी पाटावर बसला. "माका वायच वाढा," तो म्हणाला. "गोळे जास्त."

मडक्यातलं भांडं पडवीत आणलं गेलं, कवच आत प्लगलाच राहिलं. लाईट जाऊन बराच वेळ झाला होता, तरी जाड भांड्याने आपली आच धरून ठेवली होती. झाकण उचललं तशी वाफ निघाली. पुऱ्या लाईटीत कोंबडा नरमला होता, अर्ध्या लाईटीत गोळे फुगले होते, आणि लाईट नसताना सगळं मुरलं होतं. असं जेवण ठरवून कुणालाही जमलं नसतं. सुशीलाबाईंनी चुलीवर तळलेले वडेही आणून ठेवले, म्हणजे काही झालं तरी अब्रू शिल्लक राहिली असती. संचिताबाईंनी गोळा फोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला, आणि नवऱ्याला न विचारता दुसरा घेतला.

दळवींनी तिसरा गोळा संपवला. मग त्यांच्या तोंडून ऑफिसातली भाषा गळून पडली.

"माजी आजी पेजेत असे गोळे सोडी," ते म्हणाले. "परबानू, सर्वेशाक कळवा. बोट सोडूक हरकत नाय."

सुशीलाबाई आत गेल्या आणि देवापाशी उभ्या राहिल्या. गंगारामने पंपाचं नुकसान मनातल्या मनात सोडून दिलं आणि आणखी एक गोळा घेतला.

जेवणं झाली, दळवी डीपी बघायला गेले. सुशीलाबाई नको नको म्हणत असताना रश्मी भांडी उचलून आत गेली. परब तिच्या मागोमाग गेले, पण त्यांना उशीर झाला. रश्मीने मडक्याचं कवच पुसायला उलटं केलं होतं आणि खालच्या पट्टीवरची '११० व्होल्ट' ही अक्षरं वाचत होती. तांदळाच्या डब्यामागे दडवलेलं मीटरही तिने काढून ओट्यावर ठेवलेलं होतं.

"काका," ती म्हणाली, "सकाळी ह्या मीटरात किती दाखवत होता?"

आण 'लाईट' शब्दाची होती, आकड्यांची नव्हती.

"एकशेधा."

"अगदी बरोब्बर?"

"गिरण लावल्यार."

रश्मीने तोंडावर हात धरला, पण हसू काही थांबेना. सुशीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, गेलं, हेही स्थळ गेलं.

रश्मीने डोळे पुसले, मीटर परत तांदळाच्या डब्यामागे सारलं आणि कवच पालथं होतं ते नीट सुलटं केलं. "बाबा उद्या डीपी परत चालू करतले," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांका ह्यातला काय एक सांगू नकात. कन्व्हर्टर घेवन येवक मी सर्वेशाक आजच सांगतंय. पण तवसर तो प्लग तेवढो काढून ठेवा काका. आपला मडका जळाक नको."

आपला, म्हणाली ती. परबांनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. त्यांनीही तोच शब्द ऐकला होता.

परब पुढे झाले, वाकले आणि त्यांनी अगदी जपून प्लग काढला. लाईट गेलेली असताना प्लग काढणारा वाडीतला तो पहिलाच माणूस असावा.